हाडळीच्या तालमीतलं गाऱ्हाणं

मास्तर पडदा घेऊन आले, तेव्हा मी मुलींना हातमोजा काढायला शिकवत होते. भर दुपार, मांद्र्याच्या किनाऱ्याजवळचा एक हॉल, प्रयोग आठ दिवसांवर. आमचा शो म्हणजे भुताखेतांचा बर्लेस्क. अंगावरचं एकेक उतरवत करायचा नाच. पण मजा सगळी उतरवण्यात, उघडं पडण्यात नव्हे. एक हातमोजा उतरायला आठ मात्रा, आणि आतून निघतो तो हाडांचा रंगवलेला हात. शेवटी हाडळ नवरी घुंगट काढते. रक्तासाठी कोकमाचं आगळ कॉर्नफ्लॉवर घालून आटवलं होतं, त्याला मेल्या मुंग्या लागायच्या. तालीम रोज फोनवर रेकॉर्ड करायची, म्हणजे मुली घरी बघून आपल्या चुका शोधतात.

"पडदो खंय लावचो गो बाय?" मास्तरांनी विचारलं.

माझं अर्धं तोंड कवटीसारखं रंगवलेलं, त्यांनी ओळखलं नाही. मी ओळखलं. शिरा पडो त्यांच्या तोंडार, आवाज अजून तसाच खणखणीत होता.

पेडण्यातल्या आमच्या गावात जत्रेचं नाटक तेच बसवायचे. बायांच्या भूमिकांना तोवर बाहेरून नटी आणायची पद्धत. गावातली पहिली मुलगी उभी राहिली ती मी, एकोणीस वर्षांची. नाटकातला नाच त्यांनीच शिकवला. "कंबर हालय गो! भिंत आसा काय तू?" असं महिनाभर ओरडले. प्रयोगाला शिट्ट्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गावकऱ्यांनी जाब विचारला. मास्तर काय म्हणाले? "मी ह्यां शिकवूक नाय. तिच्याच मनाचां." आणि वर गाऱ्हाणंही त्यांनीच घातलं! आमच्याकडे नारळ ठेवून देवापुढे मागणं मांडतात. एकजण बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. "ह्या पोरीन देवाच्या अंगणात वंगाळपणा केल्यान, तिका पदरात घे म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. माझ्या बाबांनाही म्हणावं लागलं. त्यानंतर अठरा वर्षं बाबा त्या देवळाची पायरी चढले नाहीत. आजही जत्रेच्या दिवशी दार लावून घरात बसतात.

तर हे मास्तर आता पडदे आणि लाइट भाड्याने देतात. त्यांना हाकलून देता आलं असतं. पण मला सूड हवा होता, सरळ सांगते. ते खोटं बोलले हे मला त्यांच्याच तोंडून हवं होतं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं. दोन तास मी चुकीच्या मात्रा मोजल्या आणि मुलींवर उगाच खेकसले.

वाट त्यांनीच दाखवली. पडदा बांधून झाल्यावर म्हणाले, "नारळ दिल्याशिवाय पडदो वर जाऊचो नाय. मी घालतंय गाऱ्हाणां."

"तुम्ही नारळ धरा, मास्तर. मी घालतंय."

"बाईमाणसान?"

"हाडळीची तालीम आसा. बाईमाणसानच घालूक होयां."

ते हसले. माझ्या सहाजणी कुठकुठून आलेल्या. त्यांना एवढंच शिकवलं की मी थांबले की ओरडायचं, व्हय म्हाराजा. फोनवर रेकॉर्डिंग चालूच होतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांनी जी सेवा मांडल्यानी, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मास्तरांनी डोळे मिटले होते. सर्वांत मोठा आवाज त्यांचा.

"त्यांच्या हातापायाक राखण दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी त्याच सुरात पुढे गेले.

"पेडण्यातल्या एका पोरीक मास्तरान नाच शिकवल्यान, आणि देवळात मी शिकवूक नाय म्हणून सांगल्यान, तां खोटां होतां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मास्तरांची जन्माची सवय. अर्थ डोक्यात शिरायच्या आधीच तोंडातून गेलं. मग डोळे उघडले. नारळ हातातच होता, आणि देवापुढे दिलेला होकार मागे घ्यायची त्यांची छाती नव्हती.

"तू... ती?"

"व्हय, मास्तर. फोडा नारळ."

त्यांनी फोडला. पाणी चपलेवर सांडलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गाऱ्हाणं असंच असतं.

दुसऱ्या दिवशी गावी गेले आणि बाबांना रेकॉर्डिंग दाखवलं. हाडळ, हाडं, उघडे दंड, काही लपवलं नाही. बाबांनी नाचाकडे बघितलंच नाही. मास्तरांचा तिसरा "व्हय म्हाराजा" आला तिथे बोटाने खूण केली, परत लाव. तीनदा लावायला लावलं. मी म्हटलं, "झालां बाबा, आता सोडून द्या."

माझे बाबा आयुष्यात कुणाला अरे म्हणालेले नाहीत. उठले, कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.

"फोन चार्ज कर," म्हणाले. "आज सोमवार, देवळात सगळे जमतत. थंय मोठ्यान लाव."