अकरा झाडांवरचा नारिंगी पट्टा

ओदिल गोद्रीला कुणी वाट विचारली तर ती रस्त्याचं नाव सांगत नाही, गाईचं सांगते. "वर चढून गेलात की पेर्नेचा गोठा लागेल. ती लंगडी पांढरी गाय असायची ना, तिथून उजवीकडे." त्या गाईला जाऊन पंधरा वर्षं झाली. व्हेर्नूझ गावच्या लोकांना वाट तरीही सापडते.

चौतीस वर्षं ओदिलनं फ्रान्समधल्या मोर्व्हाँच्या या डोंगरांत गाईंच्या कृत्रिम रेतनाचं काम केलं. दिवसाला बारा-पंधरा गोठे, खांद्यापर्यंत हातमोजा, घोट्यापर्यंत चिखल. डांबरी रस्त्यानं एका गोठ्यावरून दुसऱ्यावर जायला अर्धा तास लागायचा. रानातून पाहिलं तर तोच गोठा हाकेच्या अंतरावर. या आडवाटांची तिला इतकी हाव सुटली की वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं जाड टायरची डोंगरी सायकल घेतली. आज ती सहासष्ट वर्षांची आहे. ग्रॅनाइटच्या ओल्या धोंड्यांवरून, बुळबुळीत मुळांवरून ती चढ चढते तेव्हा पाय जमिनीला लागत नाही. तिच्या निम्म्या वयाची माणसं तिथं उतरून सायकल ढकलतात. ती त्यांना ओलांडताना "बोंझूर" म्हणते, आणि म्हणताना तिला धाप लागलेली नसते. लोकांना तेच जास्त झोंबतं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी निघणारी व्हेर्नूझची सायकल फेरी तिनंच सुरू केली. बेचाळीस किलोमीटर, चारशेच्या आसपास सायकलवाले. मध्ये दोन ठिकाणी पाव, मांसाचा पाते, सॉसेज, चीज आणि ज्याला हवी त्याला लाल वाइन. ही वाट एकतीस जणांच्या खासगी रानांतून आणि कुरणांतून जाते. कागदावर एकाचीही परवानगी नाही. दर जानेवारीत ओदिल एकतीस दारं ठोठावते, स्वयंपाकघरात बसते, कॉफी पिते आणि विचारते, "यंदाही जाऊ ना?" समोरचा म्हणतो, "जा." झालं. सायकल क्लबचा अध्यक्ष रेजिस यानं एकदा वेळ वाचवायला सगळ्यांना पत्रं पाठवली. त्या वर्षी नऊ जणांनी नकार दिला. कुणाला कारण विचारलं तर उत्तर एकच, घरी कुणी आलं नाही.

ओदिलचा एक नियम आहे. फेरीच्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळ्या खुणा काढायच्या. झाडांना बांधलेल्या फिती, खिळ्यांवर लटकवलेल्या पाट्या, सगळं. जमिनीवरचे प्लास्टरच्या भुकटीचे बाण तेवढे पावसावर सोडायचे. माणसं येऊन गेली हे रानाला दुसऱ्या दिवशी कळता कामा नये, असं ती म्हणते.

हा नियम तिनं एकदाच मोडला, तो आर्मां सोत्रोच्या रानात.

सोत्रो तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. गाव मागून त्याला सोत्रोबाबा म्हणतं, समोर मस्यू सोत्रो. आजूबाजूच्या बहुतेकांनी जुनी बीच झाडांची रानं कापून तिथं शाळेतल्या रांगेसारखी सुचीपर्णी झाडं लावली. त्यानं आजोबांचं बीचचं रान ठेवलं. त्या रानातून दोन किलोमीटरचा उतार जातो. लांबून येणारे सायकलवाले खरं तर या उतारासाठीच येतात. मधोमध एक वळण आहे, आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला, वाटेला खेटून, तेव्हा अकरा बीच उभे होते. आदल्या वर्षी त्यातल्या एकावर आपटून एका पाहुण्याचं गळ्याचं हाड मोडलं होतं.

त्या मे महिन्यात तीन दिवस पाऊस लागला. फेरीच्या आदल्या दुपारी ओदिल वळणावर आली तर फिती गळून पडलेल्या, बाण वाहून गेलेले. ती घरी गेली, गोठ्याच्या कामातला जुना फवाऱ्याचा डबा घेऊन आली आणि अकराही खोडांवर हँडलच्या उंचीला एक नारिंगी पट्टा ओढला. मुळंही घसरडी होती, म्हणून बुंध्याशी आणखी एकेक ठिपका दिला. रेतन झालेली गाय कळपात ओळखू यावी म्हणून तिच्या पाठीवर मारायचा हा रंग. गाय अंग घासते, चाटते, महिन्याभरात रंग जातो. ओदिलनं चौतीस वर्षं तो जाताना पाहिला होता. झाड अंग चाटत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

फेरीत कुणी पडलं नाही. पुढं नोव्हेंबर आला, झाडं तोडायचा हंगाम.

जानेवारीत ती नेहमीप्रमाणे सोत्रोच्या स्वयंपाकघरात बसली.

"यंदाही जाऊ ना, मस्यू सोत्रो?"

"जा की. तुम्हाला कधी नाही म्हटलंय?" त्यानं तिच्या कॉफीत घरच्या आलुबुखाराच्या दारूची धार सोडली. "पण त्या लिओनेल पोतेला मी रानात पाऊल टाकू देणार नाही. चोर आहे."

लिओनेल हा गावातला लाकूडतोड्या. कुणाच्याही रानाची विरळणी करायची तर त्यालाच बोलावत. इथली रीत अशी की मालक तोडायच्या झाडावर दोन खुणा करतो, एक छातीच्या उंचीला, दुसरी बुंध्याशी. वरची खूण ओंडक्याबरोबर जाते, खालची खुंटावर राहते. तोड झाली की मालक खुंट मोजतो.

"मी माझ्या हातानं चाळीस झाडं रंगवली," सोत्रो म्हणाला. "खुंट निघाले एकावन्न. वर म्हणतो, खुणा होत्या! होत्याच ना. तोडल्यावर यानंच बुंधे रंगवले."

"जास्तीची कुठली गेली?"

"वळणावरची. अकराच्या अकरा."

ओदिलनं कप बशीत ठेवला. उठताना तिनं दारूबद्दल आभार मानले, रानाचा विषय काढला नाही. तिथून ती थेट वळणावर गेली. सोत्रोच्या खुणाही नारिंगीच, पण विटकरीकडे झुकणाऱ्या होत्या, या अकरा खुंटांवरच्या किंचित गुलाबी. शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय फरक कळला नसता. लिओनेलला कळण्याचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी तिनं रेजिसला सांगितलं. त्यानं आधी दार लावून घेतलं.

"आणखी कुणाला बोललीस?"

"तुला पहिलं."

"मग शेवटचंही मलाच. अगं, मे होऊ दे, फेरी होऊ दे. जूनमध्ये काय कबुली द्यायची ती दे. चार महिन्यांत लिओनेल काय मरतोय?"

"दोघांनी दिलेली कामं काढून घेतलीत त्याची. आणखी चार महिने चोर म्हणून फिरला तर इथं त्याला सरपणसुद्धा कुणी तोडू देणार नाही."

"आणि सोत्रोचं रान गेलं तर? पंधरा वर्षं झिजलीस त्या वाटेसाठी. तो उतार नसेल तर लोक काय तुझं तोंड बघायला येतील?"

"माझं तोंड बघायला आजवर कुणी आलेलं नाही, रेजिस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिओनेलच्या अंगणात गेली. तो करवतीची साखळी घासत होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यानं कानस खाली ठेवली.

"गाईचा रंग?"

"हो."

"म्हणजे मी गाभण झाडं तोडली?"

ओदिल हसली नाही. तो मात्र इतका हसला की त्याची बायको दारात आली. मग एकदम थांबला. "दोन महिने झोप नाही मला, ओदिल. कुत्र्यासारखं हाकललं त्यानं."

"चल माझ्याबरोबर. त्याच्यासमोर सांगते."

सोत्रोच्या अंगणात तिनं पिशवीतून डबा काढला आणि कोठाराच्या एका फळीवर पट्टा ओढला. सोत्रो आत गेला. पुरावा म्हणून त्यानं एका खुंटाची चकती कापून ठेवली होती, ती घेऊन आला. फळीशेजारी धरली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग लिओनेलकडे पाठ केली.

"काल दिलेली परवानगी मी परत घेतोय," तो ओदिलला म्हणाला.

"माहीत होतं."

"माहीत होतं आणि आलात?"

"झाडं मी रंगवली. शिव्या हा खातोय."

"फाटक लावून घ्या जाताना."

आठवड्याभरात लिओनेलचं एक काम परत आलं. ओदिलची वाट गेली. त्या मे महिन्यात फेरी सोत्रोच्या रानाला वळसा घालून चार किलोमीटर डांबरावरून गेली. दोनशे साठ लोक आले. नाक्यावर सायकलवाल्यांना डांबराकडे वळवायला कुणीतरी उभं राहायला हवं होतं. रेजिस म्हणाला, "तूच राहा. ही तुझीच करणी." ती राहिली. सकाळी आठपासून शेवटचा माणूस जाईपर्यंत.

"काय बाई, डांबर बघायला का आलो आम्ही एवढ्या लांबून?" दिजोंहून आलेला एक जण ब्रेक दाबत ओरडला.

"रान माझ्यामुळे बंद आहे. मी चुकीची झाडं रंगवली, ती तुटली. डावीकडे जा, पुढं सॉसेज आहे."

विचारलं त्या प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं, याच शब्दांत. मालक खडूस आहे, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर सगळ्यांना पटलं असतं. सोमवारी बेकरीत पाव घ्यायला आलेल्या सोत्रोच्या कानावर हे तीन वेगवेगळ्या तोंडांनी गेलं.

नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला. त्यानं नाव सांगितलं नाही, नमस्कारही केला नाही. "शनिवारी कुदळ घेऊन या. त्या लिओनेल पोतेलाही सांगा."

मोठ्या बीचच्या सावलीत आपोआप उगवलेली अकरा रोपं त्यानं निवडून ठेवली होती. ती मुळांसकट काढून वळणावर लावायची होती, वाटेपासून दोन हात मागं. हरणांनी शेंडे खाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला जाळी. लिओनेल खड्डे खणत होता, सोत्रो काठीवर रेलून पाहत होता.

"खोल कर."

"केलंय."

"आणखी."

"इतकं खोल माणसाला पुरतात, मस्यू सोत्रो."

"मग बरोबर आहे. तेवढंच कर."

यापलीकडे त्या दोघांत माफीबिफीचं काही झालं नाही. पण रानाची उरलेली विरळणी त्या हिवाळ्यात लिओनेलनंच केली, आणि खुंट मोजायला सोत्रो गेला नाही.

जानेवारीत ओदिल तीस दारं करून एकतिसाव्या दाराशी आली. कॉफी आली, आलुबुखाराची धार आली.

"यंदा जाऊ?"

"वळणावर खूण कशाची करणार?" सोत्रोनं विचारलं.

"फीत बांधेन."

"पावसात गळते."

"पाटी लावेन."

"वाऱ्यानं फिरते. आणि लोक पाट्या वाचत नाहीत. माझी रोपं चिरडतील." त्यानं स्वतःच्या कपात आणखी थोडी ओतली. "मी बसतो तिथं."

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक्याऐंशी वर्षांचा आर्मां सोत्रो सकाळी साडेसातला दूध काढायचं जुनं स्टूल घेऊन वळणावर जाऊन बसला. काठीच्या टोकाला ओदिलची लाल-पांढरी फीत. चारशे बारा सायकली आल्या. प्रत्येकीवर त्यानं काठी उगारली, "हळू! डावीकडे! डावीकडे, गाढवा!" दिजोंवाला यंदाही आला होता. त्यालाही गाढव ऐकावं लागलं, आणि खाली पाव खाताना त्यानं ते चौघांना कौतुकानं सांगितलं. एकाही रोपाची जाळी वाकली नाही.

सहा वाजता ओदिल पाठीवर पिशवी लावून खुणा गोळा करत वरून उतरत आली. फिती, पाट्या, खिळे. वळणावर ती सायकलवरून उतरली. सोत्रो अजून स्टुलावर होता.

"झालं, मस्यू सोत्रो. शेवटचा गेला."

"अंधाराच्या आत सगळ्या खुणा काढायच्या, असा तुमचा नियम आहे म्हणतात."

"आहे."

"मग मला काढा. गुडघे धरलेत."

तिनं सायकल टाकली, दोन्ही हात त्याच्या काखेत घातले आणि अडलेलं वासरू ओढावं तसं एका झटक्यात त्याला उभं केलं. मग काठीची फीत सोडून पिशवीत टाकली.