थीम बनवणारी : प्रणाली मॅडम

आमच्या ऑफिसातले किस्से कपबशांसारखे आहेत. धुऊन पालथ्या घातल्या की संध्याकाळपर्यंत तेवढ्याच परत जमतात!

ऑफिस सिंदी मेघेत. दुकानांच्या, शाळांच्या वेबसाईट बनवतात. मी झाडू-चहाला लागले होते. एकदा एका साडीवाल्याला एकही रंग पसंत पडेना. कप ठेवता ठेवता मी म्हटलं, "जांभळ्यावर पिवळी अक्षरं टाका न." पसंत! साहेब म्हणाले, "बाई, तुले नजर आहे!" तेव्हापासून दुपारी दोन तास कॉम्प्युटर माझ्याकडे. रंग, अक्षरं, बटणं ठरवून त्याची थीम अप्लिकेशनमध्ये साठवायची. वेबसाईट तिथूनच आपले कपडे घेते. मी बसायला खुर्ची मागितली. साहेब म्हणाले, "काऊन? उभ्यानं दिसत नाई का?"

*

थीम साठवली की खाली "बनवणारी" असं लिहून नाव येतं. मला लॉगिन दिलं प्रणाली मॅडमचं. माझ्याआधी थीम त्याच करायच्या; वर्षभर माझ्या हातचा चहा पिऊन पुण्याला गेल्या होत्या. मी म्हटलं, "साहेब, माझं नाव टाका न."

"नवीन नाव टाकलं का अप्लिकेशन शिक्षण विचारते. तू सातवी!"

निलेशदादा आमचा ऑपरेटर. त्याला नवीन नावाचं पान उघडायला लावलं. दोनच रकाने होते. नाव आणि मोबाईल!

*

निलेशदादाला श्रद्धांजलीच्या पानासाठी थीम पाहिजे होती. माझ्या एका थीमची कॉपी काढायची, तर पठ्ठ्यानं मूळ थीमच काळी केली! तीच थीम एका मंगल कार्यालयाच्या वेबसाईटलाही होती. मालकाचा फोन आला, "अहो, ऐन लग्नाच्या सीझनमंदी आमच्या इथं कोण मेलं?"

साहेब माझ्यावर खेकसले. मी स्क्रीन दाखवली, "नाव तर प्रणाली मॅडमचं आहे."

"प्रणाली म्हणजे तूच न!"

*

लेकरांच्या डॉक्टरबाईंची थीम केली त्या दिवशी माझी पोरगी तापानं फणफणली होती. शेजारणीकडे ठेवून आले होते. हात माउसवर, कान फोनकडे. अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

साहेब म्हणाले, "लेकरांच्या दवाखान्याचंच काम करून राह्यली न? मग लेकरातच आहे तुयं ध्यान!"

पोरीला पोपटी आवडतो. तोच भरला आणि पळत घरी गेले.

*

महिन्याभरानं डॉक्टरबाई स्वतः आल्या, हातात साडी घेऊन. "जिनं ही थीम केली तिला द्यायची आहे. ती नक्कीच आई असणार."

साहेब हसले. "आमची प्रणाली मॅडम! पुण्याले असते. पाठवतो."

कुरिअरच्या दुकानात साडी मीच नेऊन दिली. चार-पाच दिवसांनी ऑफिसचा फोन वाजला. मीच उचलला.

"मी प्रणाली बोलते. ही साडी काऊन पाठवली? मी तर कोणत्या डॉक्टरची थीम केलीच नाई. कोणी केली?"

साहेब समोरच होते. हातानं "ठेव, ठेव" करत होते. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, मोठ्यानं.

तिकडून आवाज आला, "कोण?"