बोटांनी पाहिलेले पूल

इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या एडविन लेडलरनं एकतीस वर्षं रेल्वेचे पूल रंगवले. कमरेला दोर बांधून लोखंडावर चढायचं, गंज खरवडायचा, रंग द्यायचा. निवृत्तीनंतर ते चढणं संपलं आणि तो पुलांची नाणी जमवायला लागला. एक पौंडाच्या नाण्यावर चार वर्षं ओळीनं चार पूल आले होते, स्कॉटलंडमधल्या फोर्थ खाडीवरच्या रेल्वेपुलापासून थेट गेट्सहेडच्या पादचारी पुलापर्यंत. शौकिनांसाठी तीच नाणी सोन्यातही पाडली होती, खास चकचकीत; त्यांना प्रूफ म्हणतात. सपाट भाग आरशासारखा, त्यावर धुरकट पांढरट झाक असलेला पूल. चारही मिळवायला त्याला सहा वर्षं लागली. त्यापायी दोन उन्हाळे समुद्रावरची सुट्टी बुडाली, आणि हे त्याची बायको मेव्हिस सवड मिळेल तेव्हा ऐकवायची.

प्रूफ नाण्याला हात लावायचा नसतो. बोटाचा ठसा उमटला की जात नाही, आणि नाण्याचा भाव पडतो. म्हणून ती प्लास्टिकच्या गोल डब्यांत बंद. दर रविवारी जेवण झालं की एडविन खिडकीपाशी बसून ती भिंगातून बघायचा.

बहात्तराव्या वर्षी त्याची नजर मधोमध विरायला लागली. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, कडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही. पुढच्या रविवारी भिंगाखाली नुसता पिवळा डाग होता. त्यानं डब्या कपाटात सारल्या, त्या वर्षभर बाहेर काढल्या नाहीत.

"विकून टाक," शेवटी मेव्हिस म्हणाली. "ठेवून काय लोणचं घालायचंय?"

नाणेप्रेमी मंडळाचा चिटणीस क्लिफ टेलफोर्ड बघायला आला. चारही डब्या त्यानं उजेडात धरल्या.

"एक ओरखडा नाही. चांगली सांभाळलीस."

"उघड त्यातली एक."

"कशाला?"

"मला बघायचंय."

"मग डबीतूनच बघ की."

"डबीतून काही दिसत नाही, क्लिफ. तूही दिसत नाहीस. तुझ्या बाबतीत फार नुकसान नाही म्हणा."

क्लिफनं डबी खाली ठेवली, ती उघडली नाही. मेव्हिसनं उचलली, नखानं झाकण काढलं आणि नाणं नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. क्लिफ खिडकीबाहेर बघत राहिला.

रंगाखाली गंज फुगलाय का हे एडविनची बोटं जन्मभर शोधत आली होती. अंगठा सावकाश फिरला. आधी काहीच लागेना. मग एक बारीक चढ, एक उतार, मध्ये जाळी.

"हा फोर्थचा," तो म्हणाला. "मेव्हिस, हा फोर्थचा आहे. बाकीचे दे."

त्या दुपारी त्यानं चारही पूल ओळखले. विकायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

ग्रंथालयात दर मंगळवारी अधू नजरेची माणसं चहाला जमायची. मेव्हिसनं त्याला जवळजवळ ढकलूनच तिथं नेलं. खिशात गेट्सहेडच्या पुलाचं नाणं होतं. शेजारी ऑलिव्ह चार्लटन नावाची जन्मांध बाई बसली होती. त्याच पुलावरून ती रोज चालत कामावर जायची. एडविननं नाणं तिच्या हातात दिलं.

ऑलिव्ह बराच वेळ नखानं रेघा चाचपत होती. चहा गार झाला.

"हे वर वाकडं काय आहे?"

"कमान. तुम्ही चालता ना, तेव्हा ती तुमच्या डोक्यावर असते."

"माझ्या डोक्यावर?" ती हसली. "अहो मिस्टर लेडलर, मला वाटायचं पूल म्हणजे एक लांब फळी. वर एवढं काही आहे, हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही."

"बघणाऱ्यांना वाटतं, सगळ्यांना ठाऊकच असणार."

दोन मंगळवारांनी क्लिफ तिथं आला. स्वतःचं सोनं त्यानं आणलं नव्हतं. दीडदोनशे वर्षांपूर्वीची जाडजूड तांब्याची नाणी मात्र पिशवीभर आणली होती. नाणी हातोहात फिरायला लागली तसा त्याचा चेहरा उतरला, पण तो उठून गेला नाही.

ऑलिव्हनं एडविनचे चारही पूल हाताखालून घातले. फोर्थच्या जाळीपाशी तिची बोटं अडली.

"यावरून गाडी जाते?"

"जाते. खाली समुद्राची खाडी."

"मग आपण जाऊ या. मला त्याचा आवाज ऐकायचाय."

मेव्हिसनं तिथल्या तिथे वही काढली. मे महिन्यातल्या एका शनिवारची तीन तिकिटं ठरली. क्लिफ घसा खाकरून म्हणाला, "चार काढा."