लाईट गेली की पळणारा लॅपटॉप

शिक्रापूरच्या चौकात माझं झेरॉक्सचं दुकान हाय. मी गिताबाई. दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल हाय आन् त्यामागं सुफिया बसती, कॉम्प्युटर दुरुस्त करती. आज तिच्याकडं लोकं रांगंत थांबत्यात, पण दोन हजार नऊ साली त्या टेबलाकडं कुत्रं फिरकत नव्हतं. "पोरीच्या हातात मशीन द्यायचं व्हय?" असं माझ्या तोंडावर म्हणायचे. माझं डोकंच फिरायचं! एकाला मी इचारलंच, तुमच्या घरातला मिक्सर काय तुम्ही चालवता का?

सुफिया म्हंजी लालमहंमद मामांची थोरली. मामा हायवेला ट्रकांचं वायरिंग करत्यात. पोरगी पाबळला विजेचं काम शिकली आन् तिथंच तिला लिनक्सचा, म्हंजी विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटातल्या सिस्टमचा, नाद लागला. बोलायला फटकळ, माझ्याहून एक पायरी वरच, म्हणूनच आमचं जमलं. पण मामांनी तिला बजावलेलं, "ईदपर्यंत बघ. न्हाई जमलं तर सणसवाडीला कंपनीत पॅकिंगला जायचं. बाकीच्या पोरी जात्यातच की." त्या दिवशी तिनं डबा तसाच परत नेला.

ईद तोंडावर आली आन् दौंडवरनं सुरज आला. त्याचा तिकडं मोठा कॉम्प्युटर क्लास. लिनक्स टाकलेला आपला लॅपटॉप त्यानं टेबलावर ठेवला.

"लई मंद चालतोय. ह्यो नीट केला तर क्लासातल्या सगळ्या मशिना तुमच्याकडं. न्हाई झाला तर पुण्याला नेतो." आन् जाता जाता म्हणला, "गंमत म्हंजी, लाईट गेली की ह्यो पळतो."

"लाईट गेल्यावर तुम्ही पळत असाल घरी," सुफिया म्हणली. तो गेल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. लॅपटॉपची बॅटरीची जागा रिकामी होती, पण त्याचं आम्हाला काय नवल वाटलं न्हाई. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या मरत्यातच, लोकं काढून टाकत्यात.

दुसऱ्या दिवशी हसू पळालं. सुफियानं काळ्या पडद्यावर कायतरी टाइप करून मला आकडा दाखवला. "ताई, ह्याचा प्रोसेसर दोन हजार मेगाहर्ट्झपर्यंत पळू शकतो. काम नसलं की वीज वाचवायला आठशेवर उतरतो, काम पडलं की वर चढतो. ह्यो मुडदा आठशेवरच बसलाय."

मग ती हट्टालाच पेटली. सारखा पूर्ण वेगानं पळ, अशी आज्ञा दिली. आठशे. वेगावरची मर्यादा काढली. आठशे. तापत असंल म्हणून खोलून पंख्यातली धूळ काढली, लिनक्सचा गाभा असतो ते कर्नल नवं टाकलं. तरी आठशे म्हंजी आठशेच! "लिनक्स वर जा म्हणतंय आन् खालनं मशीनच दाबून धरतंय. पण का?" असं स्वतःशीच बडबडायची. मी चहा पुढं केला तर माझ्यावरच खेकसली. मी बी तो चहा एकटीनं पिला, फणफणत.

सुरज लॅपटॉप न्यायला आला त्या सकाळी मामाबी दुकानात होते. दुपारी सणसवाडीचा ठेकेदार येणार होता, पॅकिंगसाठी पोरी ठरवायला. सुफियाचं तोंड एवढंसं झालेलं. तिनं न्हाई जमलं म्हणायला तोंड उघडलं आन् नेमकी लाईट गेली. लोडशेडिंग तवा रोजचंच होतं.

सुरजनं सवयीनं पिशवीतनं रुमालाची गाठोडी काढली. गाठ सोडली, आतनं बॅटरी काढली, अगदी नवी कोरी, आन् लॅपटॉपला लावली.

"ही कुठली?" सुफिया ओरडली.

"ह्याचीच की. चार्ज झाली की काढून ठेवतो. लाईट असताना कशाला लावायची? उगं झिजती."

आता काय बोलावं! आमच्याकडं टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक कुणी फाडत न्हाई, सोफ्याचं कव्हर पाव्हणे आल्यावरच निघतं. ह्या बाबानं तीच रीत बॅटरीला लावलेली!

सुफियानं लॅपटॉप चालू केला, भराभरा टाइप केलं. आकडा आला दोन हजार. लाईट आली, तिनं चार्जर जोडला. दोन हजार. बॅटरी काढली, झाले आठशे. लावली, दोन हजार! "या अल्लाह!" म्हणून तिनं टेबलावर अशी थाप मारली की माझे कागद उडाले.

"बॅटरी दिसली न्हाई की मशीन बिचकतंय," ती म्हणली. "एकदम जोर लावला आन् एकट्या चार्जरला झेपलं न्हाई तर बंदच पडंल, म्हणून स्वतःच हळू चालतंय. तुम्ही खरं सांगत होता, मीच हसले."

मामा पुढं सरकले. "म्हंजी बॅटरी काढून ट्रक नुसत्या अल्टरनेटरवर, इंजिनातनं येणाऱ्या विजेवर दामटायचा, तसलं?"

"तसलंच, अब्बा!"

"आरं बाबा," मामा सुरजला म्हणले, "असं कुणी करतं व्हय?" आन् मग ते कितीतरी वेळ लेकीकडंच बघत राहिले. तिनं जबरदस्तीनं दिलेल्या आज्ञा काढल्या, प्रोसेसरला पुन्हा कामाप्रमाणं वरखाली व्हायला मोकळं सोडलं. एवढ्या दिवसात मशीन पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलं.

सुरज खूश झाला. पण सवय कुठं जाती? मामांकडंच वळून म्हणला, "मामा, मशिना टेम्पोनं पाठवू ना मग?"

मामा म्हणले, "मला काय इचारता? मिस्त्रीला इचारा."

मामांच्या तोंडून हा शब्द कुणाला मिळत न्हाई. त्यांच्या हाताखाली उमर गेलेला त्यांचा भाऊ फिरोज अजून नुसता फिरोजच हाय. माझ्या तर डोळ्याला पाणीच आलं. सुफियाच्याबी आलं असणार, पण ती मान खाली घालून चार्जरची वायर गुंडाळत होती.

"पाठवा," ती म्हणली, "पण एकदम नको. थोड्या थोड्या पाठवा, टेबल ल्हान हाय."

मी झेरॉक्सचं मशीन तिथल्या तिथं भिंतीकडं ढकलायला घेतलं. एकटीला हलंना, तवा मामा उठले आन् दुसऱ्या बाजूनं लागले.