देवीनं माझी वाचा लेकीच्या हाती दिली

आमचं कुलदैवत माहूरची रेणुकामाता. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हापासून नवरात्रात आमच्या घरी घट बसतो, आणि आमच्या कॉलनीतल्या देवळात आरतीची सुरुवात मीच करायची असं जणू ठरूनच गेलेलं होतं. देवीचा विसर मला कधी पडला नाही. पण एक वेळ अशी आली की तिचं नाव मनात असूनही तोंडाला येईना. त्या दिवसांत मी देवीवर फार रुसले होते. तिच्यावरचा विश्वास उडाला होता असं म्हणणार नाही, पण तिच्याकडे बघावंसं वाटत नव्हतं, एवढं खरं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सारा जन्म बोलण्यात गेला. श्रावणात एके दिवशी तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते आणि हातातला खडू गळून पडला. वाकून उचलायला गेले तर उजवा हात माझं ऐकेना. मुलांकडे वळून ‘मुख्याध्यापकांना बोलवा’ म्हणायला तोंड उघडलं, तर भलताच आवाज निघाला. पुढच्या बाकावरच्या मुलींना वाटलं बाई गंमत करतात, त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. त्यांचे ते चेहरे मला अजून दिसतात.

दवाखान्यात कळलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला. पाय सावरला, हातही थोडा हलू लागला. वाचा मात्र गेली. समोरचा काय बोलतो ते सगळं समजायचं, काय सांगायचंय तेही मनात स्वच्छ असायचं, पण ओठांपर्यंत येता येता शब्द कुठे नाहीसा व्हायचा कोण जाणे. डाव्या हातानं लिहायला गेले तरी तेच. राहिला होता एकच शब्द, ‘हाव’, म्हणजे आमच्याकडचं ‘हो’. भूक लागली का? हाव. पोट भरलं का? हाव. पंखा बंद करू का? हाव. आणि पंखा बंद झाला की मी घामानं भिजत पडायची, कारण मला नको म्हणायचं असायचं.

माझी एकुलती एक मुलगी स्नेहल तेव्हा लातूरला शिकत होती. अभ्यासक्रम होता वाचा आणि श्रवण उपचाराचा. ज्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, बोलताना अडखळायला होतं, अशांवर उपचार करायचं हे शास्त्र. बारावीनंतर तिनं स्वतः शोधून काढलं होतं. लातूरला जो तो पोराला डॉक्टर करायला जातो, आणि ही म्हणाली, “मला हेच करायचंय.” तिच्या आत्याला, म्हणजे अहमदपूरच्या माझ्या नणंदबाईंना, ते काही केल्या समजत नव्हतं. “बोलायला शिकवायचं म्हणजे? बोलायला काय शिकवावं लागतं का पोरी?” त्या विचारायच्या. स्नेहल हसून सोडून द्यायची.

मी आजारी पडले तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती. निरोप मिळताच मिळेल त्या एसटीनं आली ती परत गेलीच नाही. माझी वेणी घालायची, भरवायची, हाताला तेल लावायची, चित्रं दाखवून माझ्याकडून शब्द काढायचा प्रयत्न करायची. गाय दाखवली, हाव. कप दाखवला, हाव. माझ्यासमोर ती कधी रडली नाही, पण स्वयंपाकघरात नळ विनाकारण बराच वेळ चालू राहिला की मला कळायचं.

नवरात्र तोंडावर आलं आणि कॉलेजातून फोन आला. हजेरी कमी पडत चालली होती. अशीच घरी राहिली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. त्या संध्याकाळी आमचे हे, माझ्यासाठी अहमदपूरहून येऊन राहिलेल्या नणंदबाई आणि स्नेहल माझ्या पलंगाभोवती बसले. नणंदबाई म्हणाल्या, “शिक्षण काय, पुन्हा बघता येईल. आईला असं टाकून पोरगी कशी जाईल?” ह्यांचाही जीव थकला होता. पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून ते माझं करत होते.

स्नेहलनं माझा हात हातात घेतला. “आई, मी सोडते कॉलेज. मी इथंच राहते तुझ्यापाशी. चालेल ना तुला?”

माझ्या मनात एकच शब्द ओरडत होता, नको. सोडू नकोस पोरी. मी सगळी ताकद जिभेवर आणली आणि माझ्या तोंडून निघालं, “हाव.”

“बघ, तिलाबी तेच पाहिजे,” नणंदबाई म्हणाल्या.

नकाराची मान हलवायला गेले, तर तीही होकाराचीच हलली. “हाव, हाव, हाव!” डोळ्यांतून धारा लागल्या. ह्यांना वाटलं, मला आनंद झाला. त्यांनी माझे डोळे पुसले आणि म्हणाले, “मग दसरा झाला की लातूरला जाऊन येऊ. तिचा दाखला काढून आणू.” स्नेहल माझ्याकडे टक लावून बघत होती. ‘हाव’चा अर्थ हावच असतो असं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. पण आपल्या आईच्या बाबतीत तो अर्थ लावायचा धीर तिला होत नव्हता, हे तिनं मला नंतर सांगितलं.

घट बसले. ह्यांनीच बसवले, माझ्यानं उजव्या हातानं माती पसरणं होत नव्हतं. देवळातून आरतीचा आवाज यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. देवीला मनातल्या मनात म्हणायची, तुझं नाव घेणारी जीभच नेलीस, आता तुला काय म्हणू? आणि मुलीचं भवितव्यही माझ्याच तोंडून मोडवलंस. कॉलनीतल्या बायकांनी सुरुवातीला मला देवळात नेलं होतं, पण मी रडते म्हणून त्यांनीही बोलावणं सोडलं. त्यांची काही चूक नव्हती. माझ्याशी कुणी बोलायला आलं तरी उत्तराची वाट न बघता बोलायचं आणि निघून जायचं, असं झालं होतं.

अष्टमीच्या दिवशी सकाळी मी ओट्यावर उन्हाला बसले होते. गल्लीतून एक आराधीण आली. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात परडी. आमच्या भागात नवरात्रात आराधी जोगवा मागत फिरतात, पण या बाईला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. नणंदबाईंनी सुपात ज्वारी आणून माझ्यासमोर धरली. मी डाव्या हातानं परडीत मूठभर वाढली.

तिनं माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, “म्हण माय, आईराजा उदो उदो!”

नणंदबाई म्हणणार होत्या की तिला बोलता येत न्हाई. पण त्याआधीच ती बाई गाऊ लागली. देवीचं पद होतं, मी लहानपणी माझ्या आईच्या मांडीवर ऐकलेलं. तिला माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून ती थांबली नाही. ती माझ्या डोळ्यांत बघून, मान डोलावून, जणू मी पुढची ओळ म्हणणारच आहे असं गृहीत धरून गात राहिली. आणि दुसऱ्या कडव्याला मला एक दुसराच आवाज ऐकू आला. घोगरा, बारीक, गंजल्यासारखा. तो माझा होता.

मी गात होते. शब्दांसकट. एकही ओळ गळत नव्हती.

नणंदबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. हे दाढीचा साबण तसाच घेऊन धावत बाहेर आले. स्नेहल स्वयंपाकघरातून आली ती कणकेच्या हातांनी. पद संपलं, बाईनं “उदो उदो” केलं, मीही “उदो उदो” केलं. नणंदबाईंनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती बिचारी गडबडून गेली. “काय झालं ओ? माझं काय चुकलं का?” एवढंच म्हणाली. परडी सावरली आणि पुढच्या घरी गेली.

“बोल, आता बोल!” हे म्हणाले. “माझं नाव घे. पाणी म्हण!”

मी तोंड उघडलं. “हाव.”

पुन्हा प्रयत्न केला. “हाव.” गाणं ऐकून शेजारचेही अंगणात जमले होते, सगळ्यांचे चेहरे उतरले. ह्यांनी तोंड फिरवलं. गाण्याएवढा एक झरोका उघडला आणि लगेच बंद झाला असं मला वाटलं, आणि ते आधीच्या मुकेपणापेक्षा जास्त लागलं.

“थांबा,” स्नेहल म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. “पप्पा, आत्या, थांबा जरा. हे मी शिकलेय.”

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागली, पण बघत होती माझ्याकडेच. बोलण्याची जागा मेंदूत एका बाजूला, तिथं मला इजा झालीय. गाणं मात्र दुसऱ्या बाजूच्या आधारानंही चालतं, तिथं सगळं शाबूत आहे. त्या वाटेनं शब्द आणता येतात. “वेळ लागेल आई. पण वाट आहे. माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली न्हाई. तू मला पेशंट वाटलीच न्हाईस ना गं.” मग तिनं कणकेच्या हातांनीच लातूरला तिला शिकवणाऱ्या मॅडमना फोन लावला. त्या बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आजपासूनच सुरू कर.

त्या दिवसापासून माझी लेक माझी गुरू झाली. ती माझा डावा हात धरायची, मांडीवर एकेका अक्षराला हलकी थाप द्यायची आणि अगदी साधं वाक्य चालीत म्हणायची. “पा-णी दे.” आधी तिच्याबरोबर मी, मग तिचा आवाज बारीक, मग माझी एकटीची पाळी. शंभरदा अडलं तरी कपाळाला आठी नाही. मी चिडून हात झटकला तर थोडं थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या शिकवण्याचा मला बरा अभिमान होता, पण अशी शिक्षिका मला होता आलं नसतं. मी तिचं तोंड बघत बसायची आणि मनात म्हणायची, हे पोर कधी एवढं मोठं झालं?

दसरा झाला. लातूरला जायचा दिवस आला. ह्यांनी पिशवी भरली, दाखल्यासाठी अर्ज लिहून ठेवला. स्नेहल माझ्या पाया पडायला वाकली. मी तिचा हात घट्ट धरला आणि डाव्या हातानं तिच्या मनगटावर थाप देऊ लागले. तिला वाटलं मला पाणी हवंय. या वेळी माझी मान नकाराचीच हलली. डोळे मिटले, त्या आराधिणीच्या पदाची चाल धरली आणि त्या चालीवर, अडखळत, गायले,

“शि-कून ये. शि-कून ये.”

मग मी डोळे उघडून ह्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गायले, “शि-कून ये.” ह्यांनी तो अर्ज घेतला आणि शांतपणे फाडला. नणंदबाई पदराला डोळे पुसत म्हणाल्या, “जा गं बाई. मी राहते हितं. तू जे करून राहिलीस ते मलाबी शिकव, मी थापा मारते.” आणि खरंच, पुढचे कितीतरी महिने अहमदपूरचं घर सोडून त्या माझ्यापाशी राहिल्या, आणि लातूरहून फोनवर स्नेहल सांगेल तशा आम्ही दोघी जणी ओट्यावर बसून ‘चहा दे’, ‘भाजी आण’ गात राहिलो. शेजारच्यांना वाटायचं, आमच्या घरी रोजच भजन आहे.

स्नेहल परीक्षेला बसली, चांगली पास झाली, पुढचं वर्षभराचं प्रशिक्षणही पूर्ण केलं. मी आता बोलते. घाई केली की शब्द अडतो, हे लिहितानाही अडला. लोक विचारतात, देवीनं केलं की पोरीच्या विद्येनं? मला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत आणि करायच्याही नाहीत. ती आराधीण आमच्याच दारी का आली, तेच पद का गायली, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. एवढंच कळलं की मी मूठ आवळून बसले होते तेव्हा काही हाती लागलं नाही. देवीनं जे दिलं ते तिच्या वेळेला, तिच्या रीतीनं दिलं, आणि माझ्याच घरात वाढत असलेल्या हातांनी दिलं.

गेल्या हिवाळ्यात स्नेहल इस्लापूरला वाचा उपचाराच्या शिबिराला निघाली, तेव्हा मीही सोबत गेले. शाळेच्या एका खोलीत तिचं टेबल होतं. एक वयस्क शेतकरी आले होते, माझ्यासारखीच वाचा गेलेली. सोबत त्यांची बायको. स्नेहलनं त्यांच्या मांडीवर थाप धरली, शेतातल्या कामाच्या वेळी ते काय गायचे ते बायकोला विचारलं, तीच चाल धरली. बराच वेळ काही होईना. मग त्यांचे ओठ हलले आणि स्पष्ट आवाज आला, “पा-खऱ्या!”

“अगं माय!” बायको हसायला लागली आणि हसता हसता रडायला. “बैल हाय आमचा! चाळीस साल मी भाकरी घातली आन् पयलं नाव बैलाचं घेतलं बगा!” सगळी खोली हसली. तो म्हातारासुद्धा हसला, आणि लहान मुलासारखं पुन्हा पुन्हा तेच नाव म्हणत राहिला. स्नेहल त्यांना शाबासकी देत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हाताची थाप चुकत नव्हती.

ती माउली डोळे पुसत माझ्या शेजारी येऊन बसली. मला म्हणाली, “लई गुणाची पोरगी हाय. कोणाची हो ही?”

मी मनातल्या मनात माहूरच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाले, “माझी.”