पोतं गुंडाळलेली मेढ

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कडा गावाजवळच्या त्यांच्या गोठ्यात, कोपरापर्यंत हात घालून गाईचं पेंड-भुशाचं आंबोण कालवत होतो. दवाखान्यातून अक्का रडत होती, आणि आधी हात पुसावा की फोन खांद्यात धरावा, हेच मला सुचेना...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जन्मभर त्यांनी मला 'पाव्हणं' म्हटलं. त्यात मान कमी, चेष्टा जास्त. मी बीडला मोबाइल दुरुस्त करणारा. गाईची शेपटी कुठल्या बाजूला असते, इथपर्यंतच माझं ज्ञान. तरी ते दवाखान्यात गेल्यावर गोठा माझ्या गळ्यात आला, कारण चांदी गाभण होती आणि दिवस भरत आले होते. तिची आधीची कालवड आंधळी जन्मली होती. त्या साली हिरवा चारा नजरेला नव्हता, नुसता वाळला कडबा. गुरांचे डॉक्टर म्हणाले होते, हिरव्यातलं अ जीवनसत्त्व गाईला मिळालं नाही, म्हणून वासराला दिसत नाही. ती कालवड उठली की गोठ्याच्या मधल्या मेढीवर, लाकडी खांबावर धडकायची. दाजींनी मेढीला पोतं गुंडाळलं, सुतळीनं आवळलं. या खेपेला मात्र त्यांनी व्हिटॅमिनची पावडर आणली होती. रोज स्वतःच्या हातानं घालायचे.

दवाखान्यातूनही त्यांचा प्रश्न एकच. "पाव्हणं, पावडर घातली का?"

"घातली की. आंबोणात टाकून चांगली रटरटा शिजवून."

आमच्या आईनं गुरांना कच्चं आंबोण कधी घातलं नव्हतं, त्यामुळं मला वाटलं, शाबासकी येतीय.

"शिजवली? कशापायी पण? गाईला काय बारशाचं जेवण हाय का?" ते हसले, मग बराच वेळ खोकले. "जीव गेला की वो पावडरीतला. आंबोण गार झाल्यावर टाकायची असती. आता तरी नीट घाला. वासराला दिसलं पायजे."

आमचं शेवटचं बोलणं ते.

दहाव्याला माणसं दाजींबद्दल बोलत होती आणि माझं ध्यान गोठ्याकडं. मी शिजवून वाया घालवलेले दिवसच नेमके मोलाचे असले तर... डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, वासरू झाल्यावरच कळंल. चांदी रवंथ करत माझ्याकडं बघायची आणि मी दुसरीकडं. अक्का म्हणायची, "असा कावराबावरा नको होऊ बाबा. गाय बिचकती."

परवा सकाळी चांदी व्याली. कालवडच. अक्कानं तिचं अंग पुसलं. ती थरथरत उभी राहिली. चांदी मेढीच्या पलीकडं. मी मेढीला लागूनच उकिडवा बसलो. कालवड मेढीपाशी गेली... थांबली... आणि वळसा घालून कासेला लागली.

"अक्का, दिसतंय गं हिला," म्हणत मी वळलो आणि माझंच कपाळ मेढीवर आपटलं.

"लागलं का रं?" अक्कानं विचारलं.

न्हाई. दाजींनी पोतं चांगलं जाड बांधलं होतं.