कमानीमागचा आडोसा

गणेशगुडीची बाजारपेठ कशी सुधारावी, हे ठरवायला आम्ही गावातले जाणकार पंचायतीच्या हॉलमध्ये जमलो होतो. नदीवर राफ्टिंगला येणारे पाहुणे खूश व्हावेत, एवढीच आमची तळमळ. कोणी कारंजं सुचवलं, कोणी सेल्फी पॉइंट. मी रंगीत कुंड्या सुचवून टाळ्या मिळवल्या.

दाराशी एक बाई उभी होती. कुंभारवाडा गावाहून येऊन माझ्या दुकानासमोर कंदमुळं विकायची. रोज दिसायची, पण नाव मी कधी विचारलं नव्हतं. हाताची माती पदराला पुसत ती म्हणाली, "सकाळच्या बशीनं येतो, सांजच्या बशीनं जातो. मधी बायकांनी जायाचं कुटं? दिवसभर पानीच पीत न्हाई आमी."

सभेत एकदम बऱ्याच जणांना खोकला आला. अध्यक्षांनी तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि प्रवेशद्वाराची भव्य कमान एकमतानं मंजूर केली.

"बरं झालं," ती शांतपणे म्हणाली. "कमानीमागं आडोसा तरी हुईल."

सगळे हसले, मीही हसलो. ती मात्र हसली नाही.

माझ्या दुकानामागं संडास आहे. बाजारातलं कोणी वापरू नये म्हणून मीच त्याला कुलूप लावलेलं. दुसऱ्या दिवशी ते काढलं आणि समोर जाऊन तिला सांगितलं.

"ह्यो कवापासून हाय?" तिनं विचारलं.

"बारा वर्षं झाली."

तिनं माझ्याकडं नीट पाहून घेतलं आणि शेजारी बसलेल्या दोघींना हाक मारली.